सुगरण नर असतो आणि शिंपी मादी: मराठी पक्षीनावांविषयी

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "वेडा राघू, गप्पीदास, टकाचोर, हळदीकुंकू बदक अशी पक्ष्यांच्या नावांची यादी मोबाइलवर आली. ही खरी नावं आहेत की कुणी गंमत म्हणून रचली? चौथीच्या मुलांना शिकवली तर चालतील का?"

खरी आहेत, एकूण एक. यादीतला प्रत्येक पक्षी महाराष्ट्रात दिसतो, आणि बरेचसे तर गावाबाहेर फारसं न जाताही दिसतात. शिकवायला जरूर घ्या. नवख्या लोकांना पक्षी दाखवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: ज्याला मराठी नाव माहीत असतं तो पक्षी लवकर ओळखतो. ही नावं मुख्यतः नांगर धरणाऱ्यांनी, गुरं राखणाऱ्यांनी, जाळी टाकणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. त्यांनी पक्ष्याला रोज काहीतरी करताना पाहिलं आणि त्या करण्यालाच नाव दिलं. म्हणून नाव कळलं की कुठे बघायचं आणि काय बघायचं, हे निम्मं कळून जातं.

एक पथ्य मात्र पाळा. नाव पक्ष्याची हालचाल, आवाज किंवा रंग सांगत असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवा. नाव त्याची अक्कल काढू लागलं, किंवा तो बाई की पुरुष हे सांगू लागलं, की दुर्बीण लावून स्वतः तपासा.

सुगरणीपासून सुरुवात करतो, कारण मुलांना ती माहीत असते. बाभळीला, शिंदीला किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीला लटकणारे ते लांब नळीचे खोपे विणतो तो नर. पावसाळा जवळ आला की त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. गवताच्या किंवा उसाच्या पात्याला तो बुडाशी चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि उडतो. पात्याची लांब दोरी सोलून हाती येते. आधी तो फांदीला गाठ मारतो, मग एक कडं तयार करतो, मग त्याच्यावर टोप चढवतो. खोपा असा अर्धा झाला की काम थांबतं. नर खोप्याला उलटा लटकून पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीने ओढून बघतात. एखादीला पसंत पडला तरच पुढचं काम: अंड्यांची खोली, मग खाली उतरणारी नळी. ते संपलं की हा बाबा शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवणं जवळजवळ पूर्णपणे पहिलीवर पडतं आणि पिलांना भरवणंही बहुतांशी तिच्यावरच. हा सगळा संसार नीट उलगडून दाखवला तो पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि पुढच्या वर्षी तो अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुलांना खोपा दाखवायचा असेल तर ऑगस्टमध्ये दाखवा. तेव्हा एकाच झाडावर कडं, टोप आणि पुरा खोपा अशा सगळ्या पायऱ्या दिसतात. जमिनीवर पडलेला रिकामा खोपा मिळाला तर वर्गात न्या आणि आत बोट घालून बघू द्या. भिंतीला मातीचे लहान गोळे चिकटवलेले लागतात.

शिंप्याचं अगदी उलटं. नाव पुरुषाचं, पण टाके घालते ती मादी. हा पक्षी तुमच्या शाळेच्या आवारात नक्की असेल. चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी, आणि आवाज त्या देहाच्या मानाने कितीतरी मोठा. जास्वंदीत, लिंबात, कुंडीतल्या रुंद पानांत तो घरटं करतो. एक मोठं पान गुंडाळून किंवा दोन पानं जवळ ओढून मादी कडेला चोचीने भोकं पाडते आणि त्यांतून कापूस, कोळ्याचं जाळं, झाडाचे तंतू ओवते. मी हे टाके भिंगाखाली पाहिले आहेत. आपण शिवतो तसा तो सलग दोरा नसतो. प्रत्येक टाका सुटा असतो, आणि भोकातून बाहेर आलेलं कापसाचं टोक फुलून बोंडासारखं होतं, त्यामुळे ते मागे सरकत नाही. पान जिवंत आणि हिरवंच राहत असल्यामुळे घरटं हातभर अंतरावर असलं तरी दिसत नाही. दिसलंच, तर मुलांना लांबूनच दाखवा. पान हलवलं तरी टाके उसवू शकतात, आणि सारखी वर्दळ झाली तर मादी घरटं सोडून जाते.

आता कसबांच्या नावांचा विषय निघालाच आहे. सुतार, तांबट, धोबी, खाटीक, कोतवाल, डोंबारी: सबंध गाव झाडावर बसलेलं आहे. ही नावं सांगताना एक काळजी घ्या. यांतली काही नावं आजही माणसांच्या जातींची आहेत, आणि वर्गात त्या घरांतली मुलं असतात. नाव त्या माणसांच्या कौशल्यावरून पडलं आहे, हे आधी सांगा. डोंबारी हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. हा एक छोटा चंडोल आहे, माळरानावर राहणारा, मातीत मिसळून जाणारा. नराचं पोट आणि गळा मात्र काळा. विणीच्या दिवसांत नर सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असं वाटतं त्या क्षणी पंख उघडून पुन्हा वर जातो. परत खाली, परत वर. दोरीवरच्या कसरती ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांनी या पक्ष्याला याहून मोठी दाद कोणती द्यायची?

तांबटाला बघण्याआधी ऐकायचं असतं. जानेवारी सरली की वडा-पिंपळाच्या शेंड्यावरून टुक्‌, टुक्‌, टुक्‌ असा एका लयीत ठोका सुरू होतो. मिनिटाला शंभराच्या वर ठोके पडतात आणि भर उन्हातही तो थांबत नाही. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर हातोडी पडताना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या नावाबद्दल काही सांगावं लागत नाही. गंमत पुढे आहे. हा आवाज चोच बंद ठेवून निघतो. गळ्याची कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते. शिवाय तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते उमगत नाही आणि हिरव्या पानांत हिरवा पक्षी सापडत नाही. यावर उपाय म्हणजे निष्पर्ण किंवा वाळकी फांदी बघायची. सकाळच्या उन्हाला तो तिथे बसतो, आणि कपाळावरचा व छातीवरचा लाल पट्टा चमकतो.

खाटकाचं नाव ऐकून मुलं दचकतात, पण ते अचूक आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने या पक्ष्यांच्या प्रजातीला लॅटिनमधून 'लॅनियस' हे नाव दिलं, त्याचाही अर्थ खाटीकच. डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच पुढे वाकडी, आणि माळावरच्या बाभळीच्या शेंड्यावर बसून टेहळणी. नाकतोडा, सरडा, कधी उंदराचं पिल्लू पकडलं की हा ते काट्यावर टोचून ठेवतो. त्याला क्रूर म्हणण्याआधी त्याचे पाय बघा. शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखे पकडीचे पंजे त्याच्याकडे नाहीत. भक्ष्य धरून फाडायचं तर ते कशाला तरी अडकवावं लागतं, आणि काटा ते काम करतो. उरलेलं तिथेच राहतं, पुढच्या भुकेला. यांच्यातला एक नकल्या खाटीक. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, आणि त्यात इतका तरबेज असतो की झुडपात बुलबुल ऐकू आला म्हणून वळावं तर समोर हा बसलेला असतो.

कोतवालाचं काम तुम्हाला रोज दिसत असेल, फक्त नाव जोडलेलं नसेल. तारेवरचा काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. घरट्याच्या आसपास कावळा किंवा घार फिरकली की हा तिच्या पाठीवर जाऊन टोचतो, पार हद्दीबाहेर हाकलून येतो. होले, हळद्या, बुलबुल असे पक्षी बऱ्याचदा कोतवालाच्याच झाडावर घरटं करतात, त्या पहाऱ्याचा फायदा त्यांनाही मिळतो. धोबी, म्हणजे परीट, नदीच्या घाटावर दगडादगडांवर शेपटी वरखाली आपटत फिरतो. त्याबद्दल आणखी काय सांगणार, एकदा पाहिला की झालं.

आता ज्या नावांनी पक्ष्यांवर अन्याय केला आहे त्यांच्याकडे येतो, आणि इथे मला मनापासून बोलायचं आहे.

वेडा राघू राघू नाही आणि वेडाही नाही. पोपटी रंगामुळे तो राघू झाला. तारेवरून सुटायचं, हवेत गिरकी घ्यायची, पुन्हा त्याच जागी येऊन बसायचं, परत सुटायचं, असं दिवसभर चालतं म्हणून वेडा झाला. प्रत्येक गिरकीत तो एक माशी पकडत असतो, हे खालून दिसत नाही. मधमाशी पकडली तर तो तिला फांदीवर आपटतो, घासतो, तिची नांगी आणि विष काढून टाकतो आणि मगच गिळतो. याचं घरटं मातीच्या दरडीत किंवा उतरत्या जमिनीत केलेल्या बिळात असतं, त्यामुळे घरट्याची जागा गुप्त ठेवणं त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. घरट्यापासून काही अंतरावर माणूस उभा केला. एकदा अशा ठिकाणी की त्याला बीळ दिसेल, एकदा अशा ठिकाणी की बीळ आडोशाला जाईल. माणसाला बीळ दिसत असेल तेव्हा पक्षी आत जायला कचरायचा. माणूस तिथेच जवळपास असूनही त्याला बीळ दिसत नसेल तर पक्षी जास्त निर्धास्तपणे आत जायचा. म्हणजे समोरच्याला काय दिसतं आहे याचा अंदाज हा पक्षी घेतो. हा अभ्यास २००२ साली 'ॲनिमल कॉग्निशन' या शोधपत्रिकेत छापून आला. समोरच्याच्या जागेवरून जग कसं दिसतं हे लहान मुलांनाही एका वयापर्यंत जमत नाही. त्या पक्ष्याला आपण वेडा म्हणतो. नाव बदला असं मी म्हणणार नाही, ते लोकांच्या तोंडी बसलेलं आहे. पण मुलांना नाव सांगाल तेव्हा हा प्रयोगही सांगा. मैदानावर दोन मुलं आणि एक खोकं घेऊन तो करूनही दाखवता येतो.

अशीच तऱ्हा समुद्रावरच्या बूबी पक्ष्यांची. स्पॅनिशमध्ये 'बोबो' म्हणजे मूर्ख. हे पक्षी जहाजावर निर्धास्त उतरायचे आणि खलाशी त्यांना हाताने पकडून खायचे, म्हणून हे नाव पडलं असं मानलं जातं. ज्या पक्ष्याने माणूस नावाचा शत्रू कधी पाहिलाच नव्हता, त्याने घाबरायचं तरी कशाला? दक्षिण आफ्रिकेत मात्र एका पक्ष्याचं नाव त्याच्या हुशारीची पावती आहे: गो-अवे बर्ड, म्हणजे 'चालता हो' पक्षी. राखाडी, शेंडीवाला, झाडाच्या टोकावर बसणारा. माणूस किंवा शिकारी जनावर दिसलं की तो घोगऱ्या आवाजात ओरडतो, ते इंग्रजी 'गो अवे'सारखं ऐकू येतं आणि आसपासची हरणं सावध होतात.

टकाचोर हा कावळ्याच्या कुळातला, तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा देखणा पक्षी. तो दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं उचलतो हे खरं. त्याचं शास्त्रीय नावही त्याला 'व्हॅगाबुंडा', म्हणजे भटक्या म्हणतं. पण तो किडे, फळं, सरडे, मेलेली जनावरं असं सगळं खातो, आणि त्याच्या घशातून निघणारा तो गोड, घुमणारा 'को-की-ला' ऐकला की चोर हा शब्द जिभेवर येत नाही. तसाच वंचक नावाचा बगळा. वंचक म्हणजे फसवणारा; गावात त्यालाच ढोकरी म्हणतात. चिखलाच्या कडेला मान आखडून, मातकट रेघांचं अंग घेऊन तो बसलेला असतो, आणि दोन हातांवरून चालत जाणाऱ्यालाही दिसत नाही. उडाला की एकदम पांढराशुभ्र. मुलांना हा पक्षी दाखवायची माझी आवडती पद्धत अशी: बांधावर उभं करायचं, 'समोर किती बगळे आहेत' असं विचारायचं, आणि मग थांबायचं. एक उडतो, आणि मग सगळे शोधायला लागतात.

तुमच्या यादीतल्या हळदीकुंकू बदकाबद्दल. हे नाव मला सगळ्या मराठी पक्षीनावांत सुंदर वाटतं. बदकाची चोच काळी, टोकाला पिवळी, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाच्या दोन्ही बाजूंना, लाल ठिपके. हे बदक परदेशातून येत नाही, बारा महिने इथलंच आहे. मात्र हळद दोघांच्याही चोचीला असली तरी कुंकू ठसठशीत दिसतं ते नराचं. मादीचा लाल ठिपका फिका असतो किंवा दिसतही नाही. तलावावर जोडी असेल तर दुर्बिणीतून मुलांनाच ठरवू द्या की नर कोणता. त्याच पाण्यावर हिवाळ्यात वारकरी असतो, पुस्तकांत चांदवा म्हणून सापडेल: अंग काळं, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, आणि उडायच्या आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावणारा. चोच पुढे रुंद पसरलेला असेल तो थापट्या. चोचीच्या कडांना फणीसारखे दात असतात, त्यांतून पाणी गाळून तो बारीक जीव खातो. काठावर लाल काटक्यांसारख्या पायांवर उभा असेल तो शेकाट्या.

मुग्धबलाक हा करकोचा चोच मिटूनही मिटत नाही असा, मध्ये फट राहते. काही भागांत त्याला घोंगल्याफोड म्हणतात, कारण त्याचा मुख्य आहार गोगलगायी. इथे नाव थोडं घाईत पडलेलं आहे. फटीत धरून अडकित्त्यासारखा शंख फोडत असेल असं अभ्यासकांनाही वाटत होतं. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की बहुतेक वेळा तो चोचीचं टोक आत सारून गोगलगायीचा स्नायू सोडवतो आणि मांस अलगद बाहेर ओढतो. शंख पुष्कळदा अखंडच राहतो.

गप्पीदास, वटवट्या, थिरथिरा, नाचण ही बडबडी आणि चुळबुळी मंडळी. गप्पीदास हिवाळ्यात झुडपाच्या अगदी शेंड्यावर बसून दोन गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज काढतो. थिरथिऱ्याची शेपटी सतत थरथरते. नाचण शेपटीचा पंखा उघडून डावीकडे-उजवीकडे वळते, आणि त्या हालचालीने बिथरलेले किडे उडाले की टिपते.

राहिले सातभाई आणि पावशा. यांची गोष्ट एकत्रच सांगावी लागते. सातभाई म्हणजे पालापाचोळा उलटत फिरणारी मातकट पक्ष्यांची गडबडी टोळी. हिंदीत त्या सात बहिणी आहेत. संख्या सातच असते असं नाही, पण एकत्र कुटुंब मात्र खरं आहे: एका जोडीच्या पिल्लांना टोळीतले बाकीचेही भरवतात. या भरल्या घराचा फायदा पावशा घेतो. मे-जूनमध्ये 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं रात्रंदिवस चढत्या आवाजात ओरडणारा तोच हा. इंग्रजांना त्याच हाकेत 'ब्रेन फीवर' ऐकू आलं, हिंदी भाषकांना 'पी कहाँ'. शेतकऱ्याला त्यात पेरणी ऐकू आली. पावशाची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकते आणि सातभाई ते पिल्लू आपलंच समजून वाढवतात. दिसायला पावशा थेट शिक्र्यासारखा, त्यामुळे तो आला की लहान पक्ष्यांची पळापळ होते.

शेवटी एक सुचवतो. मुलांना ही यादी पाठ करायला देण्यापेक्षा घरच्या आजी-आजोबांकडून नावं गोळा करायला सांगा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या जंगलांत काम करताना आदिवासींकडून, मासेमारांकडून अशीच कितीतरी नावं मिळवली, नाहीतर ती त्या माणसांबरोबरच गेली असती. मुलांनी जाताना मोबाइलमधला फोटो आधी दाखवू नये. फोटो पाहिला की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते नाव सांगतो. आधी विचारावं, तुमच्या शेतात कोणकोणती पाखरं येतात, ती काय करतात, कुठे बसतात, कशी ओरडतात. नाव आलं की ते जसं उच्चारलं तसंच लिहावं, शुद्ध करू नये. सोबत गाव आणि महिना टिपावा. फोटो सगळ्यात शेवटी, खात्रीपुरता. एकाच नावाचे दोन पक्षी निघाले, किंवा एकाच पक्ष्याची तीन नावं, तर तिन्ही वहीत राहू द्या.